हार्टमानचा कॉन्चेर्तो फ्युनेब्र, अलिना इब्रागिमोवाचं रेकॉर्डिंग

युद्धावरचं संगीत म्हणलं की ढोल अन् तोफांसारखा दणका डोक्यात येतो पण ह्या कॉन्चेर्तो फ्युनेब्रमधी, म्हणजे शोकाच्या कॉन्चेर्तोत, ड्रम नाही की ट्रम्पेट नाही, एक सोलो व्हायोलिन अन् मागं फक्त तंतुवाद्यं, बस. वीसेक मिनिटं. कार्ल आमाडेउस हार्टमान हा जर्मनीतल्या म्युनिकचा संगीतकार, त्यानं हे १९३९ ला लिहिलं, म्हणजे हिटलरनं मार्चमधी चेक लोकांची राजधानी प्राग घेतली अन् सप्टेंबरात पोलंडवर चाल केली ते वर्ष. गडी देश सोडून गेला नाही पण नाझींच्या राज्यात आपलं काही वाजू दिलं नाही, म्हणून हे पहिल्यांदा वाजलं ते १९४० ला स्वित्झर्लंडमधी.

सुरुवातीला व्हायोलिन हळू आवाजात जी चाल धरतं ना ती चेक लोकांच्या जुन्या हुसाइट (यान हुस ह्या धर्मसुधारकाच्या अनुयायांच्या) लढाईगीताची आहे. ज्यांचा देश गिळला त्यांचंच गाणं एक जर्मन माणूस त्याच वर्षी उचलतो! आपल्याकडं १९३८ ला औरंगाबादच्या कॉलेजातल्या पोरांनी वंदे मातरम म्हणलेलं निझाम सरकारला खपलं नव्हतं, तेव्हा मराठवाड्याच्या माणसाला ह्यातलं धाडस वेगळं सांगायची गरज नाही.

आता वाजवणं. ब्रिटन सिन्फोनिया हा ऑर्केस्ट्रा सोबतीला आहे, हायपेरियन कंपनीची २००७ ची सीडी. अडाजिओत, म्हणजे दुसऱ्या, संथ भागात, व्हायोलिन वाजवणारी अलिना रडं ओढून आणत नाही, स्वर सरळ ठेवती, कंप अगदी कमी, कुठं कुठं तर गज तारेला नुसता टेकवल्यासारखा, अन् त्यामुळंच ते लै आत जातं. तिसऱ्या भागात मात्र अंगावर येती, तिथं राग आहे, नुसतं दुःख नाही. शेवटी संथ मार्च, म्हणजे पावलं टाकत चालायची चाल, त्यात रशियात क्रांतीतल्या मेलेल्यांसाठी म्हणायचे ते शोकगीत, मागची वाद्यं सगळी मिळून म्हणायलेत अन् मधी मधी व्हायोलिन एकटं बोलायलंय. हा भाग मी पुन्हा पुन्हा लावतो.

एकच अडचण, हळू जागा फारच हळू आहेत, कुलर चालू असला तर पहिलं मिनिट कळतच नाही. हेडफोन लावा, पहाटे ऐका, अन् चारही भाग सलग. इझाबेल फाउस्ट ह्या दुसऱ्या व्हायोलिनवालीचं म्युनिक चेंबर ऑर्केस्ट्रासोबतचं रेकॉर्डिंगही चांगलंच आहे पण तिसऱ्या भागासाठी मला हेच पाहिजे. ५ पैकी ५.

अलिनाच्या सीडीवर बाकी हार्टमानच्या १९२७ च्या एकट्या व्हायोलिनच्या रचना आहेत, तरुणपणच्या, वेगळ्याच मिजाशीच्या. त्या दुसऱ्या दिवशी ऐका, ह्याला लागून नको.