रविवारचा पुरुषांचा ग्रुप, धरमपेठ, नागपूर: बैठक ए-वन, कारभार कच्चा

सात महिने झाले जाऊन राहिलो, आता रिव्ह्यू लिहायला हरकत नाही. नाव टाकत नाही, तशी त्यांची पाटी पण नाही. धरमपेठेत एका ट्यूशन क्लासच्या वरच्या मजल्यावर एक रविवार आड सकाळी सातला दहा-बारा पुरुष गोल करून बसतात, फी काही नाही, पोह्याचे पैसे डब्यात टाकायचे. बायकोला सांगितलं तर म्हणे, भजनी मंडळ आहे का? म्हटलं नाही, बोलायचं असते तिथं. ती हसतच सुटली, "तुम्ही? बोलणार?"

पद्धत सोपी आहे, हातात संत्रं असेल त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, सल्ला बंद. (एकदा एका भाऊने बोलता बोलता संत्रं सोलून खाल्लं, तेव्हापासून सीझन संपला की किल्ल्यांचा जुडगा फिरवतात.) पहिल्या दोन वेळा मी नोकरी आणि होम लोनच्या पुढे गेलोच नाही. तिसऱ्या वेळी बाबांचं निघालं. ते गेले तेव्हा दवाखान्याचं बिल, गाडी, घाट, सगळं मीच केलं आणि चार वर्षांत एकदाही रडलो नाही, तिथं मात्र रडलो आणि कोणी "सावर रे" म्हटलं नाही, बाजूच्या रिटायर्ड रेल्वेवाल्या काकांनी नुसता पाण्याचा ग्लास सरकवला.

रामटेककडे दोन दिवसांचं शिबिर पण असते, मोबाईल जमा. याचा साचा अमेरिकेतला आहे, १९८५ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये मॅनकाइंड प्रोजेक्ट सुरू झाला, आधी दीक्षेसारखं वीकेंड आणि मग छोट्या गटात नियमित बसायचं, तसंच. हे त्यांची शाखा वगैरे नाहीत, आपले आपणच करतात. मला वाटलं नाटकी असेल, पण जे सोडायचं ते चिठ्ठीवर लिहून जाळायला लावलं तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, "घेऊन जा गे मारबत!" (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रोगराई, इडापिडा घेऊन जायला सांगून आपल्याकडे जो पुतळा मिरवून जाळतात, तो) आणि सगळे जण मोकळे झाले. नागपूरच्या माणसाला याच्यावर लेक्चर द्यायची गरजच नाही. माझी मुंज आठव्या वर्षी झाली, मग डायरेक्ट लग्न, मधे कधी मोठा झालो ते कोणी विचारलंच नव्हतं बाप्पा.

आता तक्रार. सगळा डोलारा एका दादांवर. हॉलची किल्ली, मेसेज, हिशोब, नवीन माणसाला फोन, सगळं तेच. त्यांना डेंग्यू झाला तर आम्ही दोन बैठका पायऱ्यांवर बसून परत आलो. शिबिराला एकोणीस जण होते, तीन महिन्यांनी त्यातले पाच उरले, बाकीच्यांना कोणी फोनच केला नाही, व्हॉट्सॲपवर गुड मॉर्निंग तेवढे रोज. आणि एकदा एक पोट्टा म्हणाला जगावंसं वाटत नाही, तर आम्ही सगळे दगडासारखे बसलो, काय करायचं कोणालाच माहीत नव्हतं. शेवटी काका त्याला घेऊन डॉक्टरकडे गेले. गोल म्हणजे उपचार नाही हे तेव्हा डोक्यात शिरलं, आता भिंतीवर टेली-मानस, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ मोठ्या अक्षरात लावलाय.

त्याच्यानंतर भांडण करून काही गोष्टी बदलल्या. किल्लीच्या तीन कॉप्या, बैठक पाळीपाळीने चालवायची, लागोपाठ दोनदा एकाने नाही. नवीन माणसामागे दोन जुने, बुधवारपर्यंत त्याला एक फोन झालाच पाहिजे. डब्याचा हिशोब माझ्याकडे आलाय, पहिल्याच महिन्यात १८० रुपये कमी भरले, पोहे जास्त खाल्ले असतील. दादांना मात्र गप बसवत नाही, दुसरा चालवत असला की हे खुर्चीतून "वेळ झाली, वेळ झाली" खुणा करतात.

पाचपैकी साडेतीन स्टार. अर्धा कापला तो बाहेर गोष्टी नेणाऱ्या एका मेंबरसाठी, माझी बाबांची गोष्ट मला मेहुण्याकडून ऐकायला मिळाली. जायचं असेल तर पावणेसातला पोचा, लिफ्ट नाही, गाडी गल्लीबाहेर लावा. नंतर कोपऱ्यावर तर्री पोहे.

येत्या रविवारी चालवायचा नंबर माझा आहे. दादांचे कालपासून तीन फोन येऊन गेले.