पी-फाइव्ह जेएस, नऊ महिन्यांनंतर : तेरा डब्यांची लोकल आणि १६९ ठिपके

राहायला भांडुप, नोकरी फोर्टात अकाउंट्सला, वय ४७. प्रोग्रॅमिंगशी संबंध म्हणाल तर एक्सेलपुरता. गेल्या जूनमध्ये मुलाला शिकवायचं म्हणून पी-फाइव्ह उघडलं. मुलगा दोन दिवसांत क्रिकेटकडे पळाला आणि मी अडकले ती अडकलेच.

त्याआधी एका क्लासचे पैसे भरून झाले होते. तिथे तीन रविवार व्हेरिएबल म्हणजे काय, लूपचे प्रकार किती, असलं वहीत उतरवून घेतलं. स्क्रीनवर काही हललेलं मात्र पाहिलं नाही. चौथ्या रविवारी मी गेले नाही.

पी-फाइव्ह ही जावास्क्रिप्टची, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेची, लायब्ररी आहे, म्हणजे तयार कोडचा संच. चित्रकार आणि डिझायनर लोकांना कोड लिहिता यावा म्हणून केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये प्रोसेसिंग नावाची गोष्ट सुरू केली होती. तेच ब्राउझरमध्ये आणायचं काम लॉरेन मॅकार्थी यांनी २०१३ मध्ये हाती घेतलं. फुकट आहे, काही इन्स्टॉल करावं लागत नाही, वेब एडिटर उघडायचा आणि लिहायला लागायचं. फक्त लॉगिन केल्याशिवाय काम सेव्ह होत नाही. माझा पहिला संध्याकाळभरचा उद्योग टॅब बंद करताच गेला, तो माझ्याच आळसाने.

आत दोन फंक्शन्स, म्हणजे नाव दिलेले ओळींचे गट, असतात. सेटअप एकदाच चालतं. ड्रॉ पुन्हा पुन्हा चालत राहतं, साधारण सेकंदाला ६० वेळा. ॲनिमेशन म्हणजे एवढंच: पाटी पुसा, चित्र थोडं सरकवून पुन्हा काढा. हे वाचून कळलं होतं, पण पटलं ते चुकल्यावर. पाटी पुसायची ओळ, म्हणजे बॅकग्राउंड, मी ड्रॉऐवजी सेटअपमध्ये लिहिली. माझ्या चित्रातली लोकल धावली खरी, पण मागे स्वतःचाच रंग फासत गेली. सगळा फलाट जांभळा.

लोकलच का, तर रोज दोनदा तीच दिसते. कॅनव्हास, म्हणजे चित्राची चौकट, ४०० बाय ४०० पिक्सेल. शून्य डावीकडे वरच्या कोपऱ्यात, एक्स म्हणजे आडवं अंतर, वाय म्हणजे उभं, आणि वाय खाली जाताना वाढतो. मुलगा म्हणाला, हे आलेखाच्या उलट आहे. मला काही वाटलं नाही, एक्सेलच्या ओळी खालीच वाढतात.

पहिला डबा काढला: एक आयत, चार खिडक्या, दोन दारं. दुसऱ्या डब्यासाठी त्याच सात ओळी कॉपी करून आकडे बदलले. तिसऱ्यालाही तेच. पाचव्या डब्यापर्यंत आले तेव्हा लक्षात आलं की दारं जरा अरुंद झालीत, म्हणजे आता पाच ठिकाणी दुरुस्ती. त्या रात्री फंक्शन या शब्दाचा अर्थ कळला. एक्सेलचं व्हीलुकअप वर्षानुवर्षं वापरते, पण ते दुसऱ्याने बनवलेलं. इथे 'डबा' नावाचं फंक्शन मी स्वतः लिहिलं. त्याला फक्त एक्स सांगायचा, बाकीचं त्याचं ते बघतं. दार रुंद करायचं तर एकाच जागी.

आणि हो, नाव खरंच 'डबा' असं देवनागरीत ठेवलंय. जावास्क्रिप्टला चालतं. 'वेग', 'खिडकी', सगळं चालतं. चालत नाहीत ते आपले आकडे. कीबोर्ड मराठीवर राहिला आणि वेग बरोबर २ असा देवनागरी दोन टाईप झाला, तर लाल अक्षरांत एरर. मी अर्धा तास कंस मोजत बसले होते.

मग फॉर लूप, म्हणजे तेच काम मोजून पुन्हा पुन्हा करवणं. एक डबा ६० पिक्सेल, मध्ये २ ची फट, म्हणून दर वेळी ६२ पुढे. शून्यापासून सुरुवात केली आणि अट लिहिली 'बारा किंवा कमी'. चालवून पाहिलं, मोजले तर तेरा डबे. मध्य रेल्वेने अजून काढलेली नाही अशी गाडी मी घरी बसून काढली.

गाडी उजवीकडून बाहेर गेली की परत डावीकडे आणायची असते. एक्स शून्य केला तर अख्खी गाडी एकदम स्क्रीनवर उगवते, म्हणून उणे ७४४ वर न्यायची, म्हणजे बारा गुणिले ६२. ते जमलं, खूश होऊन बाराची पंधरा डबा केली. पहिली फेरी ठीक. दुसऱ्या फेरीला पुढचे तीन डबे आधीच फलाटावर उभे! डबे पंधरा झाले होते, पण माझं ७४४ तसंच राहिलं होतं. पंधराला ९३० लागतात, फरक १८६, म्हणजे बरोबर तीन डबे. आकडा दोन जागी लिहिला की एक जागा विसरतोच, हे वाउचरवर मी ज्युनियरना सांगते. तेव्हापासून 'डबे' हे व्हेरिएबल, म्हणजे आकडा ठेवायचं नाव, एकदाच लिहिते आणि बाकी सगळं त्यावरून काढते. माझ्या मते या साधनाचा खरा फायदा हाच आहे की चूक डोळ्यांना दिसते. हिशेबातली चूक आकड्यांत लपून बसते. ही गाडी होऊन समोरून जाते.

रँडमने, म्हणजे दर वेळी कुठलाही आकडा काढून देणाऱ्या फंक्शनने, पण असंच शिकवलं. रात्रीच्या चाळीतल्या काही खिडक्या उजळवायच्या होत्या. रँडम ड्रॉमध्ये ठेवला, तर सगळी चाळ गणपतीच्या लायटिंगसारखी लुकलुकायला लागली. कोणती खिडकी चालू ते सेटअपमध्ये एकदा ठरवून ठेवायचं असतं.

गैरसोयी आहेत. फोनवर कंस टाईप करणं त्रासाचं आहे. लोकलमध्ये मी फक्त वाचते, लिहिणं घरी. वेबसाइट हिंदीत मिळते, मराठीत नाही. माझा लॅपटॉप जुना, पावसाचे थेंब दोन हजार केले की गाडी लेट. वेग दर फ्रेमला, म्हणजे ड्रॉच्या एकेका फेरीला, मोजण्याऐवजी डेल्टाटाइमने, म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळाने, मोजला की गाडी निदान वेळेवर पोचते, पण धक्के खात. नोकरीसाठी प्रोग्रॅमिंग शिकायचं असेल तर एवढ्यावर भागणार नाही. हात बसवायचा असेल, किंवा घरात आठवी-नववीचं पोर असेल, तर बिनधास्त घ्या.

दिवाळीत रांगोळीकडे वळले. १५ ते ८ ठिपके. आडव्या ओळी उणे ७ ते ७, आणि प्रत्येक ओळीत पंधरातून ओळीचा आकडा वजा, चिन्ह सोडून. ओळ जितकी मधल्यापासून लांब, तितकी सुरुवात अर्ध्या-अर्ध्या ठिपक्याने आत. लूपच्या आत लूप, जेमतेम सहा ओळींचा कोड. सासूबाईंना दाखवला. त्यांनी बोट ठेवून मोजलं आणि म्हणाल्या, "अगं, मधल्या ओळीत चौदाच आहेत." या वेळी मी एकपासून सुरू करून 'पंधरापेक्षा कमी' लिहिलं होतं. प्रत्येक ओळीत एक कमी, एकूण १५४. दुरुस्त केल्यावर १६९.

मग एकेक ठिपका उमटत जाईल असं केलं, फ्रेमकाउंट, म्हणजे आतापर्यंत किती फ्रेम झाल्या तो आकडा, वापरून. मला वाटलं, आता सासूबाई खूश. तर, "वरून खाली कोण घालतं गं ठिपके? आधी मधली ओळ, मग तिच्या वर-खाली." ओळींचा क्रम शून्य, उणे एक, एक, उणे दोन, दोन असा लावायला माझा पूर्ण रविवार गेला. त्यांनी परत पाहिलं, परत मोजले. मग विचारलं, रेषा कधी जोडणार.