रकमेच्या रकान्यात टाकलेला ‘कोड’: टीव्हीच्या स्वस्त बॉक्सपायी गेलेले ४७,९९८ रुपये

माझे ४७,९९८ रुपये गेले. त्यातले ३,२०० रुपये मी दुकानात घासाघीस करून राजीखुशीने दिले, १,४९९ रुपये ‘सर्व्हरचे नूतनीकरण’ म्हणून भरले, आणि उरलेले २४,८३७ व १८,४६२ रुपये एका मंगळवारी दुपारी अवघ्या सहा मिनिटांत माझ्याच हाताने, माझाच पिन टाकून पाठवले. हे लिहिताना लाज वाटते. मी ३१ वर्षे लेखा विभागात नोकरी केली असून दुसऱ्यांच्या व्हाउचरांतील चुका काढण्यात माझे आयुष्य गेले आहे. अशा जाळ्यात केवळ अडाणी माणसेच सापडतात, असे ज्यांना वाटते त्यांनी पुढचे अवश्य वाचावे.

आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत, गुडघ्यांमुळे त्यांचे बाहेर जाणे बंद झाले आहे, आणि मराठी मालिका व कीर्तन एवढाच त्यांचा विरंगुळा उरला आहे. आमच्या केबलच्या पॅकमध्ये मराठी वाहिन्यांचे पैसे वेगळे पडतात, शिवाय ओटीटीची वर्गणी निराळी. जेल रोडवरच्या एका दुकानदाराने टीव्हीला जोडायचा एक इंटरनेट बॉक्स दाखवून जेव्हा ‘एकदा हा बॉक्स घ्या, सगळे ॲप आजीवन चालतील’ असे सांगितले, तेव्हा मला तो सोयीचा वाटला. त्याने ४,५०० सांगितले, मी ३,२०० वर आणले. हे कायदेशीर आहे ना, असे मी दोनदा विचारले होते आणि दोन्ही वेळा ‘कंपनीचाच माल आहे’ हेच उत्तर मिळाले. पक्के बिल मात्र मागितले नाही. त्याने पाठकोऱ्या कागदावर रक्कम लिहून दिली आणि मी तो कागद पर्समध्ये ठेवला.

खोक्यावर ‘८ जीबी रॅम, १२८ जीबी, ४के’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले होते, परंतु उत्पादकाचे नाव नव्हते आणि बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही नव्हता. सेट टॉप बॉक्ससारख्या वस्तूवर तो असावाच लागतो, आणि ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तो खरा की खोटा हे दुकानात उभ्या उभ्या तपासता येते. मला हे तेव्हा ठाऊक नव्हते. चित्र पहिल्या दिवसापासून धुरकट दिसे. टीव्ही जुना म्हणून असेल, अशी मी समजूत करून घेतली. खरे कारण नंतर माझ्या भाच्याने सांगितले. ओटीटी कंपन्या ज्या सुरक्षा-प्रमाणनावर एचडी चित्र देतात त्याची वरची पातळी या बॉक्सला मिळालेलीच नव्हती, त्यामुळे खोक्यावर ४के लिहिलेले असले तरी पडद्यावर जुन्या डीव्हीडीसारखेच चित्र येत होते. प्रत्यक्षात रॅमही २ जीबीच निघाली. सेटिंगमध्ये ८ दिसावी अशी सॉफ्टवेअरमध्येच लबाडी केलेली होती.

रात्री टीव्ही बंद करून मी पाणी प्यायला उठत असे, तेव्हा बैठकीतल्या अंधारात राउटरचा हिरवा दिवा सारखा लुकलुकताना दिसे. घरात सगळे झोपलेले असताना इंटरनेट कोण वापरते आहे, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. अशा बिननावाच्या अँड्रॉइड बॉक्समध्ये कारखान्यातून निघतानाच घातक सॉफ्टवेअर भरलेले असू शकते आणि मालकाच्या नकळत त्याचे इंटरनेट दुसऱ्यांच्या उद्योगांसाठी वापरले जाते. अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेने जून २०२५ मध्ये ‘बॅडबॉक्स २.०’ या नावाने याविषयी जाहीर इशारा दिला होता, आणि पुढच्याच महिन्यात गुगलने हे जाळे चालवणाऱ्यांविरुद्ध न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला. घरात असा बॉक्स असेल तर तो आजच वायफायवरून काढावा आणि वायफायचा पासवर्ड बदलावा.

त्रेचाळिसाव्या दिवशी बॉक्स बंद पडला. पडद्यावर ‘सर्व्हर एक्स्पायर्ड’ एवढेच दिसत होते. दुकानदाराने हात वर केले आणि बॉक्सच्या पोटाला चिकटवलेल्या पिवळ्या स्टिकरवरच्या नंबरकडे बोट दाखवले. त्या नंबरवरच्या माणसाने ‘तीन वर्षांचे नूतनीकरण’ म्हणून १,४९९ रुपये मागितले. आजीवन म्हटले असताना नूतनीकरण कसले, हा सरळ प्रश्न मी विचारला, आणि तरीही पैसे भरले, कारण सासूबाई चार दिवस बंद टीव्हीसमोर बसून होत्या आणि ते मला बघवत नव्हते. बॉक्स सुरू झाला नाही. मी चिडून पैसे परत मागितले. त्याने लगेच, अगदी नम्रपणे, होकार दिला. चोर इतक्या सहज पैसे परत करायला निघत नाही, हे मला त्याच क्षणी कळायला हवे होते.

पुढचा प्रकार वाचकांना ओळखीचा असेल. त्याने फोनचा पडदा दाखवणारे ॲप घ्यायला लावले आणि ‘रिफंड आला का पाहा’ म्हणून मला खात्यातली शिल्लक उघडायला सांगितली. ती ४३,६११ रुपये होती, आणि अर्थातच त्यालाही दिसली. मग त्याने यूपीआय उघडायला लावून एक आयडी सांगितला आणि ‘आता रिफंड कोड टाका, दोन चार आठ तीन सात’ असे म्हणाला. मी म्हटले, हा तर रकमेचा रकाना आहे. तो म्हणाला, “माताजी, यह पैसा नहीं है, कोड है, इसीलिए तो राउंड फिगर नहीं है.” आजही मला तो पडदा जसाच्या तसा दिसतो. आकड्याच्या डावीकडे रुपयाचे चिन्ह होते. वर एका व्यक्तीचे नाव होते, कोणत्याही कंपनीचे नव्हे. पिनच्या पडद्यावरही तीच रक्कम आणि तेच नाव होते. जन्मभर रकाने तपासणाऱ्या माझ्या डोळ्यांनी ते चिन्ह पाहिले आणि मी पिन टाकला. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे मला माहीत होते. माहीत असूनही त्या वेळी आठवले नाही, कारण तो एकसारखा बोलत होता आणि मला विचार करायला उसंतच देत नव्हता.

पैसे कापल्याचा संदेश आला तशी मी ओरडले. त्याने शांतपणे सांगितले की कोड चुकला असून उलटा व्यवहार करण्यासाठी दुसरा कोड टाकावा लागेल, १८४६२. गेलेले परत येतील या भीतीपोटीच्या आशेने मी तोही टाकला. खात्यात ३१२ रुपये राहिले. दोन्ही ‘कोड’ त्याने माझी शिल्लक पाहूनच ठरवले होते, हे मला वजाबाकी केल्यावर समजले.

दुसरा व्यवहार ३ वाजून ५८ मिनिटांनी झाला. बँकेच्या हेल्पलाइनवर २२ मिनिटे मी ‘हे दाबा, ते दाबा’ ऐकत राहिले. शाखेत पोहोचले तेव्हा वेळ संपल्याचे सांगून मला दाराशीच अडवले, आणि आत गेल्यावर समोरच्या अधिकाऱ्याचे पहिले वाक्य होते, ‘पिन तुम्हीच टाकला ना?’ हो, मीच टाकला. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेल्या नियमानुसार ग्राहकाच्या चुकीने झालेले नुकसान कळवेपर्यंतचे त्याचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे असते, हे मी नंतर वाचले. म्हणूनच कळवल्याची वेळ लेखी मिळणे महत्त्वाचे असते, आणि नेमकी तीच द्यायला त्यांनी नकार दिला. ‘ऑनलाइन तक्रार करा, नंबर येईल’, इतकेच. १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर त्याच मिनिटाला फोन करावा, म्हणजे पैसे पुढे सरकण्यापूर्वी अडवता येण्याची शक्यता असते, हे सांगण्याचे कष्ट त्या इमारतीत एकानेही घेतले नाहीत. मी तो फोन दुसऱ्या दिवशी सकाळी केला, कारण रात्रभर यजमानांना काय सांगू याच विचारात होते. लाजेपायी एक मिनिटही घालवू नका. आधी १९३०, मग घरचे, मग बँक.

पोलीस ठाण्यात तर कहरच झाला. नंबर परराज्यातला आहे, आमच्या हद्दीत येत नाही, असे सांगून मला दुसरीकडे पाठवले. तिथून ‘तुमच्या भागातल्या ठाण्यात जा’ म्हणून परत पाठवले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. हे मी सांगितले तेव्हा हवालदार म्हणाला, ‘मॅडम, आपण वकील आहात का?’ तीन खेपा, दोन अर्ज, छायाप्रतींचे ४० रुपये, आणि शेवटी पोचपावतीवर नुसता शिक्का, तारीखही नाही. ती मी हट्टाने लिहून घेतली. मी स्टिकरचा फोटो दाखवला, तर त्यांनी तो पाहिलाही नाही.

ज्यांच्याकडे असा स्टिकर असलेला बॉक्स आहे त्यांनी तो नंबर लावू नये, पण स्टिकर फाडूही नये. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. माझा तिसावा दिवस येत्या शुक्रवारी आहे. दुकानदाराविरुद्ध मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करणार आहे. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी तिथे शुल्क नाही. पक्के बिल नाही, ही माझी कमजोर बाजू आहे, मात्र ३,२०० रुपये मी त्याच्या दुकानातल्या क्यूआर कोडवर भरले होते आणि त्याची नोंद माझ्या खात्यात त्याच्या दुकानाच्या नावासकट आहे. बॉक्स मी जुन्या उशीच्या अभ्र्यात बांधून, तो पाठकोरा कागद सोबत ठेवून, कपाटात पुराव्यासाठी जपून ठेवला आहे.