गेम मिटतो आणि समोर डेस्कटॉप: एमएसटीएस, ओपन रेल्स की ट्रेन सिम्युलेटर क्लासिक?

ट्रेन सिम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर रेल्वेगाडी चालवण्याचा गेम, खेळणाऱ्याचा गेम कधी ना कधी क्रॅश होतोच. म्हणून ग्राफिक्स नंतर बघा. पडल्यावर कारण कोण सांगतं, ते आधी बघा. मी तरी याच एका गोष्टीवर निवड करतो.

मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर, म्हणजे आपलं एमएसटीएस, 2001 चं. ते अजून टिकून आहे ते हौशी लोकांमुळे. डब्ल्यूडीएम-3ए हे डिझेल इंजिन, डब्ल्यूएपी-4 हे विजेचं इंजिन, आपले निळे आयसीएफ डबे, हे सगळं आधी याच गेमसाठी बनलं. पण पडलं की ते चकार शब्द काढत नाही. कन्सिस्ट फाइलमध्ये, म्हणजे गाडीच्या इंजिन-डब्यांच्या यादीत, नाव असलेला एखादा डबा फोल्डरमध्ये नसला, तरी तेवढ्यावरून गेम बसू शकतो. फाइल्स युनिकोड या एन्कोडिंगमध्येच (अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत) लागतात. नोटपॅडमध्ये ब्रेकचा एक आकडा बदलून चुकीच्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह केलं की इंजिन गेलंच. मी हे दोनदा केलंय, दुसऱ्यांदा माहीत असूनही. रूट रायटर नावाचं जुनं टूल गहाळ फाइल्स शोधून देतं, पण ते आधी शिकावं लागतं.

ओपन रेल्स फुकट आहे आणि एमएसटीएसचेच रूट (गेममधले रेल्वेमार्ग), तीच इंजिनं वाचतं. खरा फरक पडतो लॉगमुळे, म्हणजे गेम स्वतः लिहून ठेवतो त्या नोंदींमुळे. गेम बंद झाला की डेस्कटॉपवर ओपनरेल्सलॉग नावाची साधी टेक्स्ट फाइल सापडते. गेल्या पावसाळ्यात 22 डब्यांची एक मेल जोडली, तर फलाटावर 21 च उभे. लॉग उघडला. त्यात स्पष्ट इशारा होता: अमुक कन्सिस्टमधला अमुक डबा सापडला नाही, सोडून दिला. पँट्री कारच्या फोल्डरच्या नावात मी एक अंडरस्कोअर जास्त टाकला होता. पाच मिनिटांत गाडी पूर्ण झाली. हाच घोटाळा एमएसटीएसमध्ये शोधताना रविवार गेला असता.

अर्थात ओपन रेल्सही पडतं. रूळच लोड होत नसले तर बहुतेक वेळा जुनी टीसेक्शन.डॅट निघते. या फाइलमध्ये रुळांच्या तुकड्यांची यादी असते, आणि नव्या रूटमधले तुकडे जुन्या यादीत नसतात. ग्लोबल फोल्डरमध्ये नवी आवृत्ती टाका. गेम चालू असताना एफ5 आणि मग शिफ्ट-एफ5 दाबत गेलं की मेमरी किती भरली तेही बघता येतं. एक अडचण मात्र आहे: बरेच रूट एमएसटीएसच्या मूळ फाइल्स उसन्या घेतात, तेव्हा जुनी सीडी भंगारात घालू नका.

ट्रेन सिम्युलेटर क्लासिकचं घराणं वेगळं. 2009 चं रेलवर्क्स ते हेच. इथली जुनी दुखणी मेमरीची. 32-बिट आवृत्तीला 4 जीबीच्या पुढे जाताच येत नाही, मग मशीनमध्ये 16 जीबी रॅम असो की 32. गर्दीच्या स्टेशनात शिरताना गेम कोसळतो तो त्यामुळे. 2018 मध्ये 64-बिट आवृत्ती आली, तीच चालवा. त्यानंतर दोन उपाय: गेमचा कॅश (तात्पुरत्या फाइल्सचा साठा) रिकामा करणं आणि स्टीमवरून, म्हणजे गेम जिथून विकत घेतो त्या ॲपमधून, फाइल्स तपासून घेणं. मात्र मूळ फाइल्समध्ये स्वतः काही बदल केले असतील तर स्टीम ते पुसून टाकतं. आधी कॉपी काढून ठेवा. स्टीमच्या वर्कशॉपमधला, म्हणजे इतर खेळाडूंनी बनवून टाकलेला, सिनॅरिओ (ठरवून दिलेली फेरी) पडत असेल, तर तुम्ही विकत न घेतलेलं एखादं ॲड-ऑन त्याला हवं आहे का बघा.

भारतीय गाड्या चालवायच्या असतील तर डोळे मिटून ओपन रेल्स. ब्रिटिश किंवा जर्मन रूट पैसे देऊन, फार खटपट न करता हवे असतील तर क्लासिक. एमएसटीएस आता फक्त आठवणीसाठी.

पण बदलण्याआधी गेम नेमका कधी पडतो ते टिपून ठेवा. लोड होतानाच पडला तर फाइल गहाळ किंवा खराब. दर वेळी त्याच सिग्नलपाशी पडला तर तिथलं एखादं मॉडेल किंवा टेक्स्चर (मॉडेलवर चढवलेलं चित्र). तासाभराने, कुठेही पडला तर मेमरी, ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा तापलेला लॅपटॉप. तिसऱ्या प्रकारात गेम बदलून काहीच हाती लागणार नाही.

आणि एमएसटीएस ठेवणारच असाल तर ते प्रोग्रॅम फाइल्समध्ये टाकू नका. जुनी टूल्स तिथे जे लिहितात, ते विंडोज गुपचूप व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या भलत्याच फोल्डरमध्ये वळवतं. तुम्ही फाइल उघडून बघता, ती जुनीच असते, आणि दुरुस्ती गेली कुठे म्हणून डोकं धरून बसता. सरळ डी ड्राइव्हवर वेगळा फोल्डर करा.