मोठ्यांनी ग्राफिक नॉव्हेल वाचावी का? काही महिन्यांच्या वाचनानंतर

ग्राफिक नॉव्हेल म्हणजे चित्रांतून सांगितलेली, पुस्तकभर लांबीची गोष्ट. आधी पैशांचं बोलतो, कारण पहिला प्रश्न तोच येतो. पाच-सहाशे रुपये मोजून आणलेलं पुस्तक एका बैठकीत संपतं. तेवढ्याच पैशांत जाडजूड कादंबरी आली असती आणि महिनाभर पुरली असती. हिशेब चुकीचा नाही. पण ती कादंबरी मी एकदा वाचून कपाटात टाकली असती. ही पुस्तकं अजून उशाशीच आहेत, अधूनमधून कुठलंही पान उघडून बघत बसतो.

उदाहरणार्थ आर्ट स्पीगेलमनचं ‘माउस’. त्याच्या वडिलांनी, म्हणजे व्लाडेकने, नाझींच्या काळात पोलंडमध्ये आणि आउश्वित्झच्या छळछावणीत जे भोगलं ते मुलाने चित्रांतून सांगितलंय. ज्यू म्हणजे उंदीर, जर्मन म्हणजे मांजरं, पोलिश म्हणजे डुकरं. १९९२ साली या पुस्तकाला पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. पहिल्यांदा वाचताना मी गोष्टीमागे धावत होतो. व्लाडेक आणि त्याची बायको आन्या जीव वाचवायला पोलिश असल्याचं सोंग घेतात, म्हणून चित्रात दोघं डुकराचे मुखवटे बांधून रस्त्याने चाललेत. दुसऱ्या वाचनात दिसलं, की आन्याच्या कोटाखालून शेपटी बाहेर आलीये. चेहऱ्यावरून ती ज्यू असल्याचं पटकन कळायचं, एवढंच व्लाडेक सांगतो. शेपटीबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. ती आपल्याला दिसते आणि पोटात गोळा येतो, कारण रस्त्यावरच्या एखाद्या खबऱ्यासारखं आपणच तिला ओळखलेलं असतं. नुसत्या शब्दांत हे कसं साधणार?

मार्जान सत्रापीचं स्वतःच्या लहानपणावरचं ‘पर्सेपोलिस’ त्या मानाने भराभर वाचून होतं. निव्वळ काळं-पांढरं, मध्ये करडी छटासुद्धा नाही. सुरुवातीलाच १९८० सालच्या इराणमधल्या शाळकरी मुली हिजाब घालून ओळीने बसल्यात, आणि लेखिका स्वतः त्या चौकटीच्या कडेला कापली गेलीये. मी अगदी डावीकडे आहे, म्हणून दिसत नाही, असं तीच सांगून टाकते. मला या बाईचा हा मिश्कीलपणाच जास्त भावला.

मराठी वाचकाने मात्र सुरुवात ‘भीमायन’पासून करावी, असं माझं स्पष्ट मत. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड आदिवासी चित्रकारांचं हे काम २०११ साली आलं. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. बाबासाहेबांच्या आयुष्यातले हे प्रसंग आपल्याला शाळेपासून ठाऊक असतात. १९०१ साली वडिलांना भेटायला सातारा जिल्ह्यातल्या गोरेगावला निघालेली, पाण्यावाचून तळमळणारी मुलं, पुढे बडोद्यात जातीमुळे न मिळालेली राहायची जागा, १९२७चं महाडचं चवदार तळं. इतकं ठाऊक, की पाठ्यपुस्तकात वाचताना डोळे वरवरून घसरत जातात. इथे ते घसरत नाहीत. व्याम दांपत्याने माणसांना चौकटीत कोंबायला नकार दिलाय. त्याऐवजी दिग्ण्याची, म्हणजे गोंड घरांच्या भिंती-जमिनीवर काढतात ती पारंपरिक नक्षी पानभर वळत जाते आणि तिनेच प्रसंग वेगळे होतात. बोलण्याच्या फुग्यांवर तर मी फिदाच आहे. साध्या, मायेच्या बोलण्याचे फुगे पक्ष्यांच्या आकाराचे. आणि ज्या बोलण्यात जातीचं विष असतं, त्या फुग्याला विंचवाची नांगी. काही पानांनंतर मजकुराच्या आधी नांगीच दिसायला लागते. समोरचा काय बोलणार, हे त्याने तोंड उघडायच्या आधीच कळणं म्हणजे काय, ते तिथे समजतं.

सगळंच आवडलं असं नाही. मोठ्यांसाठीच्या, सुपरहिरोंवरच्या ‘वॉचमेन’चं फार नाव ऐकलं होतं. नऊ-नऊ चौकटींची बांधणी अफाट आहे, पण मधली ती समुद्री चाच्यांची गोष्ट मी सरळ पानं उलटत पार केली. इतर काही पुस्तकांत चित्रात पाऊस, वर मजकुरातही ‘पाऊस पडत होता’. अशांवर पैसे घालवू नयेत.

आता वापराचं. फोनवर वाचायच्या भानगडीत पडू नका. लहान पडद्याच्या ई-रीडरवर अक्षरं मुंगीएवढी होतात, बहुतेकांत रंग जातात आणि दोन पानांवर पसरलेलं चित्र मधोमध तुटतं. मोठा टॅब चालतो, पण कागदाची मजा नाही. कागदावरही जाड पुस्तकात शिवणीजवळचं चित्र आत गडप होतं. पूर्ण उघडायला गेलं की पुस्तकाची पाठ कडकन वाजते. इंग्रजी मजकूर बहुतेक वेळा हाताने काढलेल्या बारीक कॅपिटल अक्षरांत असतो, तेव्हा चाळिशी लागलेल्यांनी रात्रीच्या मंद दिव्यात प्रयत्न करू नये. ऑनलाइन मागवलेली एक प्रत कोपरे दुमडून आली आणि ती परत करण्यात आठवडा गेला. एका वाचनालयात तर ‘वॉचमेन’ बालविभागात मांडलेलं सापडलं. कुणा चौथीतल्या पोराने ते घरी नेलं असतं तर काय झालं असतं, कोण जाणे!

घरच्यांचं म्हणाल, तर इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळावर वाढलेल्या आमच्या पिढीला ‘या वयात कॉमिक्स?’ हे ऐकावंच लागतं. ‘अहो, चष्मा लावून चित्रं काय बघताय?’ असं विचारणाऱ्या बायकोने ‘पर्सेपोलिस’ माझ्याआधी संपवलं, ही गोष्ट वेगळी.

मूळ मराठीत, मोठ्यांसाठी, या तोडीचं काही अजून माझ्या हाती लागलेलं नाही. कुणाला ठाऊक असेल तर जरूर सांगा. तोवर नर्मदेवरच्या धरणाच्या प्रश्नावर ओरिजित सेन यांनी १९९४ साली केलेलं ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ घ्यायचं ठरवलंय. दुकानात जाऊन, चाळून, कोपरे बघून.