आठ महिने पॉडकास्ट ऐकून आयसीयू शिकताना

मी नर्स. गेल्या वर्षी माझी बदली सर्जिकल वॉर्डातून मेडिकल आयसीयूत झाली. ड्रेसिंग, ड्रेन, टाके यांत नऊ वर्षं गेलेली. इथे व्हेंटिलेटरचे मोड आणि एबीजीचे (धमनीतल्या रक्तातल्या वायूंच्या तपासणीचे) आकडे बघून पहिला आठवडा नुसती मान डोलावली. पुस्तक आणलं, पण वाचायचं कधी? बदलापूर ते दादर जाऊन-येऊन रोजचे अडीच तास लोकलमध्ये, तेही बरेचदा उभ्याने, एक हात कडीला. कान तेवढे रिकामे होते, म्हणून वैद्यकीय पॉडकास्ट लावले.

ॲपबद्दल फार लिहीत नाही. अँटेनापॉड वापरते. फुकट आहे, जाहिराती नाहीत, रात्री वायफायवर भाग आपोआप उतरवून ठेवतं. गाडीत रेंजच्या भरवशावर राहू नका, एवढंच.

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या ‘स्ट्रेट ए नर्सिंग’पासून सुरुवात केली. एक आजार, एक औषध, सावकाश समजावून सांगणं. हात बसेपर्यंत हेच बरं. मग ‘द कर्बसायडर्स’. यात डॉक्टर मंडळी एखाद्या तज्ज्ञाला गाठून प्रश्न विचारतात आणि केस ‘काशलाक मेमोरियल’ नावाच्या रुग्णालयातली असते. मी बरेच दिवस ते खरंच कुठेतरी अमेरिकेत आहे असं समजत होते. काल्पनिक निघालं! स्कॉट वाइनगार्ट यांचा 2009 पासून चालू असलेला ‘ईएमक्रिट’ खास आयसीयू-कॅज्युअल्टीवाल्यांसाठी आहे, पण तो पहिल्या महिन्यात लावला तेव्हा अर्धाअधिक डोक्यावरून गेला. सहाव्या महिन्यात परत लावला, तेव्हा कुठे पचला.

पहिली अडचण उच्चारांची असेल असं वाटलं होतं, निघाली नावांची. आपलं पॅरासिटामॉल म्हणजे अमेरिकनांचं ॲसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल, ॲड्रेनलिन म्हणजे एपिनेफ्रिन. ‘लेव्होफेड’ म्हणजे आपलं रोजचं नॉरॲड (नॉरॲड्रेनलिन, रक्तदाब वाढवणारं औषध), हे कळायला दोन भाग लागले. त्याहून घातक एककं. एका ब्रिटिश भागात पेशंटची शुगर 10 आहे असं अगदी शांतपणे सांगितलं आणि मी गाडीत दचकले. आपल्या हिशोबात ती 180, कारण त्यांचा आकडा 18 ने गुणावा लागतो.

पैसे वसूल झाले ते शॉकच्या भागांत (पैसे दिले नव्हते, तरी). मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) शिकले तेव्हा शॉक, म्हणजे रक्तदाब कोसळून अवयवांना रक्त न पुरणं, म्हटलं की हात डोपामिन या रक्तदाब वाढवणाऱ्या औषधाकडे जायचा. आता नॉरॲड आधी का, हे कुणी सांगितलं नव्हतं. ऑर्डर असते, आपण लावतो. 2010 मध्ये 1,679 शॉकच्या रुग्णांवर दोन्ही औषधांची तुलना झाली. मृत्यूंत ठळक फरक दिसला नाही, पण डोपामिनवाल्यांत हृदयाची लय बिघडण्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट होतं. एवढं कळल्यावर मॉनिटरकडे बघण्याची माझी नजरच बदलली.

त्याच ओघात दुसरी गोष्ट लक्षात आली. आमच्याकडे हॅन्डओव्हरला (ड्युटी बदलताना पेशंट सोपवताना) ‘नॉरॲड पाचवर आहे’ असं सांगतात, म्हणजे ताशी 5 मिली. पॉडकास्टवाले मात्र सगळं मायक्रोग्रॅममध्ये बोलतात. म्हणून डब्यात उभ्या उभ्या गणित मांडलं. 50 मिलीच्या सिरिंजमध्ये 4 मिलिग्रॅम असेल, तर 60 किलोच्या पेशंटला पाचवर दर मिनिटाला किलोमागे साधारण 0.11 मायक्रोग्रॅम जातं. सिरिंज डबल स्ट्रेंग्थ, म्हणजे 8 मिलिग्रॅमची भरली असेल, तर त्याच पाचवर दुप्पट. नुसतं ‘पाच’ म्हणजे काहीच सांगितलं नाही! तेव्हापासून मी स्ट्रेंग्थ विचारल्याशिवाय पेशंट ताब्यात घेत नाही. सुरुवातीला सगळ्या वैतागल्या, आता आपणहून सांगतात.

पण डोस मी पॉडकास्टवरून कधीच घेत नाही. ‘का’ ऐकायचं, ‘किती’ चार्टवर आणि युनिटच्या प्रोटोकॉलमध्येच बघायचं. जुन्या भागांत तर फारच जपावं लागतं. सेप्सिसमध्ये (जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागतात तेव्हा) किलोमागे 30 मिली फ्लुइड ही शिफारस आधी ठाम होती, 2021 च्या मार्गदर्शक सूचनांत ती सौम्य झाली. जुना भाग मात्र त्याच आत्मविश्वासाने बोलत राहतो.

ईसीजी कानाने शिकता येत नाही. ‘टी वेव्ह उंच, टोकदार’ हे शंभरदा ऐकलं तरी पट्टी हातात घेतल्याशिवाय काही खरं नाही. व्हेंटिलेटरच्या वेव्हफॉर्मचंही तेच. उलट हृदयाचे आणि फुप्फुसांचे आवाज ऐकवणारे भाग चांगल्या इयरफोनवर पुस्तकापेक्षा सरस.

सगळ्यात मोठी फसगत म्हणजे ऐकलं की आलं असं वाटतं. तिसऱ्या महिन्यात एका नव्या सिस्टरने डीकेएमध्ये (मधुमेहात रक्त आम्लधर्मी होतं तेव्हा) इन्सुलिन चालू असताना पोटॅशियम का बघत राहायचं, असं विचारलं. त्यावर मी दोन भाग ऐकले होते. तोंडून ‘कमी होतं म्हणून’ यापलीकडे काही निघेना. इन्सुलिन पोटॅशियमला पेशींत ढकलतं, एवढं साधं वाक्य! तेव्हापासून दादरला उतरलं की पुलाच्या जिन्याशी थांबून खिशातल्या डायरीत तीन ओळी लिहिते. तीन सुचल्या नाहीत, तर तो भाग परत. नाइट करून परतताना ऐकणं सोडलं. दोनदा अंबरनाथ-बदलापूर ओलांडून पुढे गेले.

एक उणीव राहतेच. विंचूदंशाचा एक परदेशी भाग लावला, तो सगळा ॲरिझोनाच्या विंचवाबद्दल. माझं माहेर रायगडातलं. आमच्या लाल विंचवाने घाम फुटतो, हातपाय गार पडतात, फुप्फुसांत पाणी भरतं. त्यावर प्राझोसिन या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाचा उपचार रुजवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं काम आमच्या रायगडातल्या महाडचंच, आणि त्यांचे लेख ‘लॅन्सेट’, ‘बीएमजे’त छापून आलेले. माझ्या यादीतल्या एकाही कार्यक्रमात हे ऐकायला मिळालं नाही. शेवटी मीच त्यावर सहा मिनिटांची मराठी व्हॉइस नोट केली, आमच्या डॉक्टरांकडून तपासून घेतली आणि नव्या मुलींच्या ग्रुपवर टाकली. मागे कुकरच्या दोन शिट्ट्या ऐकू येतात. पुढची घोणस-मण्यारची करायची आहे, डाळ शिजवून झाल्यावर.