हशा सात सेकंद आधी आला: दाविंची रिझॉल्व्ह आणि टाइमकोड

अमेरिकेतल्या एका मराठी मंडळाच्या दोन तासांच्या नाटकाचं संकलन माझ्याकडे आलं होतं. इंग्रजी सबटायटल्स तिथल्याच एक ताई लिहीत होत्या. मी त्यांना टाइमकोड, म्हणजे प्रत्येक फ्रेमचा तास-मिनिट-सेकंद-फ्रेम असा आकडा, छापलेली प्रत पाठवली, त्यांनी ते आकडे बघून एसआरटी, म्हणजे ओळी आणि त्यांच्या वेळा असलेली सबटायटलची फाइल बनवली. पहिला अर्धा तास कुणाला काही जाणवलं नाही. शेवटाकडे मात्र ओळी सात सेकंद आधीच पडद्यावर यायला लागल्या. शेवटच्या प्रवेशात सासरेबुवा मोठा श्वास घेतात, थांबतात आणि मग बोलतात. मराठी न समजणारी नातवंडं त्या श्वासालाच हसून मोकळी झाली. नटाने कमावलेली शांतता माझ्यामुळे वाया गेली, याचं मला आजही वाईट वाटतं.

चित्रीकरण सेकंदाला 29.97 फ्रेमचं होतं आणि प्रत मी नॉन-ड्रॉप नावाच्या टाइमकोडमध्ये काढली होती. तो टाइमकोड सेकंदाला सरळ 30 फ्रेम मोजतो, त्यामुळे तासाला 3.6 सेकंद घड्याळाच्या मागे पडतो. ड्रॉप-फ्रेम या दुसऱ्या पद्धतीत दर मिनिटाला दोन क्रमांक गाळतात, दर दहावं मिनिट सोडून, तासाला 108, म्हणजे नेमके ते 3.6 सेकंद. चित्राची एकही फ्रेम जात नाही, गळतात ते नुसते क्रमांक. आपल्याकडे 25 फ्रेमवर काम चालतं, तिथे हा प्रश्नच येत नाही.

ते काम दुसऱ्या सॉफ्टवेअरवर झालं होतं. आता असलं काही आलं की मी दाविंची रिझॉल्व्ह हे संकलनाचं सॉफ्टवेअरच उघडतो. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये 29.97 निवडलं की ड्रॉप-फ्रेमची खूण तिथेच करता येते. ती केली की सेकंद आणि फ्रेमच्या मधला अपूर्णविराम जाऊन अर्धविराम येतो. एवढंसं चिन्ह, पण आता माझी नजर आधी तिथेच जाते. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, मात्र सुरुवातीलाच विचार करून ठरवा. टाइमलाइन, म्हणजे तुकडे ओळीने लावायची पट्टी, एकदा बनली की तो बदलत नाही.

दुसरी गोष्ट सुरुवातीच्या आकड्याची. रिझॉल्व्हची टाइमलाइन 01:00:00:00 पासून सुरू होते. प्रसारणाच्या कामात तीच रीत आहे, पण एसआरटी शून्यापासून मोजते, म्हणजे सरळ एका तासाचा फरक. मीडिया पूलमध्ये, म्हणजे फाइल्स आणि टाइमलाइन्स ठेवलेल्या भागात, टाइमलाइनवर राइट क्लिक करून स्टार्टिंग टाइमकोड शून्य करायचा, की सबटायटल लिहिणाऱ्याला वजाबाकी करावी लागत नाही.

आकडे चित्रावर छापायला डेटा बर्न-इन आहे. त्यात रेकॉर्ड टाइमकोड निवडा, म्हणजे टाइमलाइनचा आकडा उमटतो; सोर्स टाइमकोड घेतलात तर कॅमेऱ्याचा येईल आणि दर कटला उडी मारेल. अंतिम प्रत काढताना डिलिव्हर पानावर तो बंद केलाय ना, हे मी दोनदा बघतो. हे सगळं मोफत आवृत्तीत मिळतं. महिन्याला दोन-तीन कामं करणाऱ्या माझ्यासारख्याला याहून जास्त काय हवं!

ड्रॉप-फ्रेमची नवी प्रत पाठवली, ताईंनी सगळ्या वेळा पुन्हा बसवल्या. मंडळात दुसऱ्यांदा नाटक दाखवलं तेव्हा त्यांनी शेवटच्या प्रवेशाला मला फोन लावून नुसता धरून ठेवला. श्वास ऐकू आला, मग शांतता, मग वाक्य, आणि त्यानंतर हशा.